पिंढरीची मेहनत

बैठक मारताना टाच उचलायची की जमिनीला टेकवून ठेवायची? बीडमधल्या एखाद्या नव्या जिममध्ये हे विचारलं तर उत्तर लगेच मिळतं: टाच हलू द्यायची नाही, भार टाचेवर घ्यायचा. लाल मातीत आयुष्य घालवलेल्या वस्तादांना मात्र हा प्रश्नच पडत नाही. बैठक चवड्यांवर उतरते आणि चवड्यांवरूनच उठते. खाली जाताना टाचा आपोआप सुटतात, हात झुलत पुढे येतात, श्वास लयीत राहतो आणि पुढची बैठक आधीच्या बैठकीच्या जोरावर सुरू होते. दहाची मोजदाद कुणी करत नाही, शंभरापासून पुढे मोजतात.

तालमीत व्यायामाला व्यायाम म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात. ‘मेहनत झाली का?’ असं विचारतात. जोर छाती आणि दंडासाठी, बैठका मांड्यांसाठी, अशी तिची ढोबळ वाटणी असते. पैलवानाची मांडी लोक कौतुकाने बघतात, फोटोतही तीच उठून दिसते. गुडघ्याखालच्या भागाचं नाव फारसं कुणी घेत नाही. मराठवाड्यातली म्हातारी माणसं त्याला पिंढरी म्हणतात, इतरत्र पोटरी म्हणतात. बैठकीच्या इतिहासात या पिंढरीवर फार थोडं लिहिलं गेलं आहे आणि बीड जिल्ह्याच्या इतिहासात तर काहीच नाही. वास्तविक या जिल्ह्याने जे कमावलं आणि जे सोसलं, त्यातला मोठा वाटा याच स्नायूंनी उचलला आहे.

पोटरी या शब्दात पोट आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांनाही तेच सुचलं होतं. पिंढरीच्या वरच्या फुगीर स्नायूचं वैद्यकीय नाव गॅस्ट्रोक्नेमियस, म्हणजे ‘पायाचं पोट’. बालाघाटावरचा शेतकरी हाच शब्द पिकालाही लावतो. कणीस पानांच्या आवरणात भरू लागलं की ज्वारी पोटरीत आली असं म्हणतात. भरलेलं, फुगलेलं, आत ताकद धरून असलेलं, तशी ती पोटरी.

या फुगीर स्नायूच्या खाली दुसरा चपटा, रुंद स्नायू दडलेला असतो, सोलियस. दोघं खाली एकाच जाड दोरात मिसळतात आणि तो दोर टाचेच्या हाडाला घट्ट बांधलेला असतो. मराठीत त्याला धोंडशीर म्हणतात. वरचा स्नायू गुडघ्याच्याही वर, मांडीच्या हाडापासून निघतो. खालचा मात्र गुडघ्याखालीच सुरू होतो. एवढ्या एका फरकावर बैठकीचं सगळं गणित उभं आहे.

टाच टेकवून खाली बसताना नडगी पुढे झुकते आणि घोटा मिटतो. सोलियस ताणला जातो, पण तो सैल सुटत नाही. विहिरीत पोहरा सोडताना दोर जसा हाताने आवरत आवरत सोडतात, तसा तो नडगीला आवरत खाली सोडतो. वरच्या स्नायूची स्थिती वेगळी. घोट्याकडून तो ताणला जातो आणि गुडघा वाकल्यामुळे त्याच वेळी वरून सैल पडतो. एकीकडे वाढलेली लांबी दुसरीकडे वजा होते, त्यामुळे संपूर्ण बैठकीत त्याची लांबी फारशी बदलत नाही. नडगीच्या पुढच्या बाहेरच्या अंगाला जो लांबट स्नायू हाताला लागतो, तो नडगी पुढे ओढून धरतो म्हणून माणूस मागे कलंडत नाही. ज्यांना टाच टेकवून उकिडवं बसता येत नाही, त्यांचा घोटा बहुधा आखडलेला असतो. नडगी पुरेशी पुढे येत नाही आणि तोल मागे जातो.

तालमीतल्या बैठकीत टाच उचलली की हे गणित बदलतं. सगळा भार चवड्यावर, म्हणजे घोट्यापासून लांब जातो. तरफ लांबली की ती पेलायला जोर जास्त लागतो. टाच हवेत धरून ठेवण्याचं काम पिंढरीलाच करावं लागतं, तेही प्रत्येक बैठकीत, वर-खाली दोन्ही वेळा. गुडघा पूर्ण वाकलेला आणि टाच उचललेली असते तेव्हा वरचा फुगीर स्नायू दोन्ही टोकांनी आखूड झालेला असतो. आखूड झालेल्या स्नायूला जोर धरता येत नाही. मग बहुतेक ओझं खालच्या सोलियसवर येतं. त्याचे तंतू प्रामुख्याने सावकाश आकसणारे, उशिरा थकणारे असतात. माणूस तासन्‌तास उभा राहू शकतो तो त्यांच्याच जोरावर. पाचशे बैठका घालणारा पैलवान दिसतो मांडीमुळे, टिकतो मात्र या न दिसणाऱ्या स्नायूमुळे.

घोट्याच्या दोन्ही बाजूंनी पायाच्या तळव्याकडे जाणारे बारीक, खोलवरचे स्नायूही या वेळी शांत नसतात. तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेल्या मातीत पाय थोडा रुततो, थोडा सरकतो. दर बैठकीला तोल नव्याने सावरावा लागतो. प्रतिस्पर्ध्याने पट काढायला पायाला हात घातला की जे पाऊल क्षणात मागे सरतं, त्याचा सराव इथे होत असतो.

बैठकीची ही विद्या किती जुनी आहे याला तारीख देता येत नाही, पण कुस्तीच्या मेहनतीचा लेखी मागोवा मराठवाड्याच्या मातीशी जवळचा आहे. बाराव्या शतकात हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेत होता. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोद नावाचं प्रकरण आहे. मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि त्यांनी करायचे श्रम त्यात येतात: वजन उचलण्याचे, चालण्याचे, पाण्यातले, खांबावरचे. राजाच्या विरंगुळ्याचं हे वर्णन असलं तरी मल्लाचं शरीर नेमाने घडवावं लागतं, ही समज त्यात पक्की आहे.

अठराव्या शतकात बीड निजामाच्या मुलखात आलं आणि पेशवे-निजाम संघर्षाचा सीमाभाग बनलं. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला हरवलं ते राक्षसभुवनला, आजच्या गेवराई तालुक्यात, गोदेच्या काठी. १७९५ची खर्ड्याची लढाई झाली ती पाटोदा आणि आष्टीच्या लगत, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. पुढची एक कथा व्यायामाच्या सगळ्या जुन्या पुस्तकांत भेटते. हैदराबादहून अली आणि गुलाब नावाचे दोन नामी पैलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिलं. पेशव्यांच्या पदरचा तरुण बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगीला गेला, तिथे मेहनत केली आणि परत येऊन अलीला चीत केलं. मल्लखांबाचं पुनरुज्जीवन त्याच्याच नावावर सांगितलं जातं. कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. निजामी मुलखातला पैलवान पुण्यात धाक बसवेल इतका तयार होता, हे पुण्याच्या बाजूने सांगितलेल्या कथेतही मान्य केलेलं आहे.

बीडला मात्र राजाश्रय कधी लाभला नाही. कोल्हापूरला शाहू महाराज होते, खासबाग होतं, मोतीबाग होती. बडोद्याला गायकवाड होते. बीड हैदराबाद संस्थानाचा पश्चिम कोपरा होता, राजधानीपासून लांब. अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव मोमिनाबाद, तिथे हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळ, शिलेदारी आणि गावोगावच्या जत्रा एवढ्याच आधारावर इथली कुस्ती जगली. जत्रेच्या शेवटच्या दिवशी हलगी कडाडली की फड भरतो. लहान पोरांच्या रेवड्या-नारळाच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. या फडाला कुणा दरबाराची गरज पडली नाही. वर्गणी गावाची, माती गावाची आणि न्याय गावातल्या जुन्या पैलवानांचा.

विसाव्या शतकात इथल्या तालमींना आणखी एक अर्थ चिकटला. हैदराबाद संस्थानातल्या आर्य समाजाचं पहिलं रोप बीड जिल्ह्यातल्याच धारूरला लागलं. पुढे आर्य समाजाच्या मंदिराशेजारी आखाडा असणं संस्थानात नेहमीचं झालं. संस्थानी सरकारला हे आखाडे खुपू लागले. ते उघडायला परवानगी मागावी लागे, आणि आर्य समाजाने १९३८-३९मध्ये जो सत्याग्रह केला, त्यामागच्या तक्रारींत आखाड्यांवरची बंधनंही होती. जोर-बैठका घालणं हे त्या काळात निव्वळ अंग कमावणं राहिलं नव्हतं. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुलांना शिकवत होते ते याच दशकात. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं तेव्हा बीडच्या तरुणांची एक पिढी तालीम आणि चळवळ एकाच श्वासात जगून झाली होती.

याच वर्षांत बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ निघत होता. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. देशी व्यायामाचे प्रकार, साधनं आणि कुस्तीचे डाव यांची इतकी मोठी नोंद मराठीत दुसरी नाही. वस्तादाच्या तोंडी असलेली विद्या पहिल्यांदाच इतक्या तपशिलाने छापली गेली.

पश्चिमेकडची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण टाच टेकवण्याचा आग्रह तिकडून आला. युरोपातही शंभर वर्षांपूर्वी बैठक चवड्यांवरच मारली जात असे, हलक्या वजनाने किंवा वजनाशिवाय. हेन्री स्टाइनबोर्न हा जर्मन बलदंड मल्ल पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेला. त्याने पाऊल सपाट ठेवून, खांद्यावर भलंमोठं वजन घेऊन खोल बसण्याची पद्धत तिथे रुजवली. खांद्यावर दोनशे किलो असतील तर टाच उचलणं धोक्याचंच. तिथे नेम भाराचा आहे, इथे संख्येचा आणि चपळाईचा. जिमचा नियम तालमीला लावला की दोन्हींचा अर्थ हरवतो. १९६१मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकीने गुडघ्याचे बंध ढिले पडतात असा निष्कर्ष काढला आणि खोल बसण्याची भीती जगभर पसरली. नंतरच्या अभ्यासांनी तो निष्कर्ष उचलून धरला नाही, भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही.

ज्या समाजात लहानपणापासून म्हातारपणापर्यंत माणूस उकिडवा बसतो, तिथे ही भीती मुळात परकी होती. १८९०च्या दशकात लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स या डॉक्टरने पंजाबी माणसांच्या पायांची हाडं तपासली. नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, पुढच्या बाजूला त्याला लहान गुळगुळीत खुणा सापडल्या. घोटा पूर्ण मिटला की नडगी खालच्या हाडाला जिथे टेकते, नेमक्या त्या जागी. युरोपीय माणसाच्या हाडावर त्या क्वचितच दिसत. बसण्याची सवय हाडावरही लिहिली जाते, हे तेव्हा कळलं. चुलीपुढे, ओट्यावर, पारावर, शेताच्या बांधावर बसणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाच्या घोट्याचा व्यवहारही यापेक्षा वेगळा असण्याचं कारण नाही.

उकिडवं बसणं इथे आधी काम होतं, व्यायाम नंतर झाला. खुरपायला बसलेली बाई उठत नाही. ती बसल्या बसल्या पुढे सरकते, एका पावलावरून दुसऱ्या पावलावर भार घेत, पाठीवर ऊन झेलत. रब्बीची ज्वारी मराठवाड्यात मुळासकट उपटतात. वाकायचं, ताट धरायचं, टाचा रोवायच्या आणि ओढायचं. १९७२च्या दुष्काळात हजारो माणसं रोजगाराच्या कामावर खडी फोडायला बसली, तीही उकिडवीच. रात्री अंथरुणावर पडलं की पिंढऱ्या वळायच्या, गोळा यायचा. घरातलं कुणीतरी तळपाय वर दाबून धरायचं. तो उपाय बरोबरच होता. तळपाय वर दाबला की आकसलेला स्नायू ताणला जातो आणि गोळा सुटतो. तालमीतही तेच करतात.

शाळेतल्या उठाबशांचं काय? कान धरून मारलेल्या उठाबशा आणि लंगोट लावून मारलेल्या बैठका यांत स्नायूंच्या लेखी फार थोडा फरक आहे. मन मात्र त्यांना अगदी वेगळ्या गोष्टी म्हणून लक्षात ठेवतं.

पाटोदा हे बालाघाटाच्या पठारावरचं तालुक्याचं गाव. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. पाण्याची ओढ कायमची, शेती पावसावर. पैलवान राहुल आवारे इथला. वडीलही पैलवान, त्यामुळे मेहनतीचे पहिले धडे घरातलेच. पुढे तो पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे गेला. बिराजदार शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे, १९६९चे महाराष्ट्र केसरी. मराठवाड्याच्या एका पैलवानाने दुसऱ्याला घडवावं आणि तेही पुण्यात, यात या भागाची सगळी अडचण आणि सगळी जिद्द आली. गुण इथे होता, साधनं तिकडे होती. बिराजदार २०११मध्ये गेले आणि राहुल वस्ताद काका पवार यांच्या हाताखाली आला. तेही लातूरकडचेच. ऑलिम्पिकची दारं त्याच्यासाठी काही उघडली नाहीत, पण १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवून सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवलं.

५७ किलोंच्या मल्लाचं सगळं बळ वेगात असतं. वाकलेल्या गुडघ्यांवर, चवड्यांवर झुलत उभं राहायचं आणि संधी दिसली की पायात शिरायचं. हा पवित्रा म्हणजे अर्ध्यावर थांबलेली बैठकच. सहा मिनिटं टाच जमिनीला पुरती न टेकवता उभं राहता येणं हे मातीतल्या हजारो बैठकांचं देणं आहे. मॅटवर पाय रुतत नाही, बूट घातलेले असतात, पकड वेगळी असते. तरी पिंढरी तीच.

पाटोद्याशेजारच्या आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. धावपटू अविनाश साबळे तिथला, शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर जाणं-येणं पायीच, कधी चालत, कधी पळत. बारावीनंतर तो लष्करात महार रेजिमेंटला गेला आणि सियाचीनपर्यंत जाऊन आला. मग त्याच्या वाट्याला तीन हजार मीटर स्टीपलचेस आली. या शर्यतीत ९१.४ सेंटिमीटर उंचीचे अडथळे अठ्ठावीस वेळा आणि पाण्याची उडी सात वेळा पार करावी लागते. प्रत्येक उडीत धोंडशीर ताणलेल्या स्प्रिंगसारखी काम करते. उतरताना ताण साठवते, उचलताना परत देते. १९८१पासून गोपाल सैनी यांच्या नावावर असलेला राष्ट्रीय विक्रम साबळेने २०१८मध्ये मोडला आणि नंतर स्वतःचाच पुन्हा पुन्हा मोडला. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण एका सेकंदाच्या पाच शतांश भागाने हुकलं. २०२३च्या आशियाई स्पर्धेत ते मिळालं.

पण बीडच्या पायांची गोष्ट पदकांपाशी थांबवली तर ती खोटी होईल.

दिवाळी सरली की जिल्ह्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, ऊस तोडायला. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ऊस बुडाशी तोडावा लागतो, कारण साखर बुडाकडे जास्त. म्हणजे प्रत्येक घावाला कमरेत आणि गुडघ्यात वाकायचं. मग खाली बसून वाढ्याने मोळी बांधायची आणि उचलून डोक्यावर घ्यायची. मोळी नावाचा एक डाव कुस्तीतही आहे. समोरच्याला मोळीसारखं आवळून उचलायचं. तिथे तो काही क्षणांचा असतो. इथे मोळी तीस-चाळीस किलोंची, आणि दिवसभरात कितीदा उचलली याचा हिशोब ठेवायला कुणी वस्ताद उभा नसतो.

मोळी ट्रकमध्ये चढवायला एक फळी तिरकी लावलेली असते. टाच टेकवायला जागा नसते, त्यामुळे सगळा भार चवड्यावर. डोक्यावर ओझं, हात मोळीला, नजर वर. एक पाऊल ठेवायचं, पिंढरी आवळून अंग वर उचलायचं, मग दुसरं पाऊल. तालमीत ज्यासाठी टाच उचलायला शिकवतात, तेच सगळं या फळीवर घडत असतं, पण बदामाचा खुराक नसतो, विश्रांतीचा दिवस नसतो, आणि पावलाखाली ओलसर, घसरडी फळी असते. स्त्रियाही हे ओझं वाहतात, पुष्कळदा अंगावरचं पोर फडात झोळीत ठेवून. फेब्रुवारीत पाटोद्या-आष्टीकडच्या गावांमध्ये जत्रांची वर्गणी निघू लागते, हलगीवाल्याला सांगावा जातो, आखाड्याची माती खणून मोकळी केली जाते. गावातली अर्धी घरं तेव्हा कुलूपबंद असतात. ती उघडतात पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात, कारखान्याचं गाळप संपलं की. गाडीतून उतरलेली बाई पहिल्यांदा अंगणात उकिडवी बसते आणि पदराने तोंड पुसून दोन्ही हातांनी पिंढऱ्या चोळते.